या कॅसेटीत काय नाही

रहस्यपटाची कॅसेट मागायला आलेल्या बाईला “घरचा स्वयंपाक झाला का?” असं विचारणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांचं नाव भगवानराव उमरीकर, पण हैदराबादच्या नारायणगुड्यात त्या नावानं विचारलं असतं तर कुणी घर दाखवलं नसतं. मराठी माणसं, तेलुगू माणसं, कोपऱ्यावरचा उर्दू बोलणारा इस्त्रीवाला, सगळ्यांचे ते ऑपरेटरसाब. सिकंदराबादच्या एका थिएटरात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं प्रोजेक्टर चालवला होता. थिएटर बंद पडल्यावर घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी व्हिडिओ लायब्ररी काढली.

आम्ही पुण्याहून हैदराबादला आलो ते नव्वदीच्या सुरुवातीला. परदेशी माल नुकता दुकानांतून उजळ माथ्यानं दिसायला लागला होता. नवऱ्याला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी मिळाली होती, मला जवळच्या शाळेत शिकवायचं काम, आणि घरात नवाकोरा रंगीत टीव्ही होता. एका रविवारी मी ऑपरेटरसाबांच्या दुकानात गेले आणि एखादा सस्पेन्सवाला सिनेमा द्या म्हणाले. त्यांनी कपाटाकडे हातसुद्धा नेला नाही. कितीजण बघणार, किती वाजता बसणार, मधे कुणी पाहुणे येणार आहेत का, अशी चौकशी सुरू केली. लग्न ठरवताना माझ्या सासूबाईंनीसुद्धा इतकं विचारलं नव्हतं. शेवटी स्वयंपाकाचा प्रश्न आला तेव्हा मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, की कुकर लावून बसणार आहे, तुम्हाला काय करायचंय?

“मग नक्को, ताई,” ते शांतपणे म्हणाले. “तिसऱ्या शिट्टीला तुम्ही उठणार. आणि हे पिक्चर ज्यानं बनवलंय, त्यानं तिसऱ्या शिट्टीलाच काहीतरी ठेवलेलं असतं.”

गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं परत पाठवण्याची कला फक्त आमच्या पुण्यात आहे अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी मोडली. पुढच्या रविवारी मी दहा वाजताच पोळ्या उरकल्या आणि निमूटपणे दुकानात जाऊन उभी राहिले.

त्यांनी मला दिला तो सदानंद केरूर नावाच्या दिग्दर्शकाचा सिनेमा. हे केरूर गुलबर्ग्याकडचे. साठच्या दशकात त्यांनी मुंबईत काळे-पांढरे हिंदी रहस्यपट काढले होते. मोठ्या नटांचे नव्हेत, साधेच. बंद घर, पाऊस, एक खून, आणि शेवटी सगळ्यांना प्रेमानं चहा पाजणारा एखादा सालस माणूस खुनी निघायचा. दुकानात हाणामारीचे, गाण्यांचे, तेलुगू, हिंदी सगळे सिनेमे होते, पण ऑपरेटरसाबांचा देव एकच होता. केरूरचं नाव घेताना ते दोन्ही हात टेबलावरून खाली घेत आणि ताठ बसत.

“केरूर फसवत नाही,” ते म्हणायचे. “पुरावा आधी दाखवतो, निकाल मागून देतो. तुम्ही बघितलं नाही तर ती तुमची चूक.”

हे वाक्य ते सिनेमापुरतं ठेवत नसत. एकदा काकू, म्हणजे त्यांची बायको, बेगम बाजारातून वर्षाच्या मिरच्या घेऊन आली. पोत्यात वर लालभडक आणि खाली फिकट कचरा निघाला. काकू व्यापाऱ्याला शिव्या देत होती, तर हे पोत्यात हात घालून गंभीरपणे म्हणाले की हा माणूस केरूर नाही, पुरावा खाली दडवतो. त्यांच्याकडे अख्ख्या जगाच्या दोनच जाती होत्या, केरूर असलेले आणि केरूर नसलेले.

कॅसेटचं खोकं घरी येऊन उघडलं तेव्हा आत एक चिठ्ठी निघाली. वाकड्यातिकड्या अक्षरांत, अर्धी मराठी अर्धी हिंदी. वर मथळा होता, ‘या कॅसेटीत काय नाही’. त्याखाली लिहिलं होतं: ‘दुसरं गाणं अर्धंच आहे. वकील जिना उतरताना मागं वळून बघतो, ते काटलेलं आहे, तो वळला होता हे याद ठेवा. खालून मिक्सरच्या जाहिरातीची पट्टी धावेल तेव्हा पडद्यावर बूट आहेत. बूट बघायचे. पट्टी वाचू नका.’

त्या वेळच्या कॅसेटी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे कळेल. व्हिडिओच्या कंपन्या झिजलेल्या प्रिंटांवरून कॅसेट काढत. फीत पुरली नाही की सिनेमा मधूनच छाटत, आणि पडद्याच्या तळाशी मिक्सर, बनियन, अगरबत्ती असं काहीबाही पळवत. लोकांना त्याचं काही वाटत नसे. ऑपरेटरसाबांना वाटे. त्यांच्याकडे जुन्या वह्या होत्या, त्यात एकेका सिनेमाची रिळागणिक नोंद होती. नवी कॅसेट आली की ती वहीशी ताडून ते पूर्ण बघत, काय गेलंय ते लिहून काढत, चिठ्ठी आत घालत आणि खोक्याच्या कोपऱ्यावर पेनानं एक छोटी फुली मारत. फुली नसलेलं खोकं दुकानाबाहेर पडत नसे. खुनी कोण हे मात्र चिठ्ठीत कधीही नसायचं. हरवलेलं परत द्यायचं, पण मजा घालवायची नाही, असा तो हिशेब होता.

माझं अक्षर बरं आहे हे त्यांना कळल्यावर चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. शनिवारी शाळा सुटली की मी तासभर दुकानात बसायची, ते सांगायचे, मी लिहायची. दुकान आणि मागचं स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत त्यांनी डोक्याच्या उंचीवर एक चौकोनी खिडकी पाडून घेतली होती. त्यातून काकू चहा पुढे करी. टीव्ही त्या खिडकीच्या बरोबर समोर होता. दुकानात माणसं टीव्हीपाशी बसलेली असली की ऑपरेटरसाब हमखास मागे स्वयंपाकघरात जात आणि त्या चौकोनातून बघत. मला आधी वाटलं, गर्दी नको म्हणून जात असतील. विचारलं तेव्हा म्हणाले, प्रोजेक्टरच्या खोलीलाही एवढीच खिडकी असते. तिच्यातून पडदा लांब दिसतो, लोकांची डोकी जवळ दिसतात. “सिनेमा कसा आहे ते पडदा सांगत नाही, ताई. डोकी सांगतात.”

जुनी सवय त्यांच्या अंगातून गेली नव्हती. टीव्हीवर सिनेमा चालू असला की दर दहा-अकरा मिनिटांनी त्यांची नजर वरच्या उजव्या कोपऱ्यात जायची आणि उजवा हात आपोआप उठून हवेत काहीतरी ओढायचा. एक रीळ संपत आलं की तिथं क्षणभर खूण चमकते, ती दिसली की दुसरं मशीन चालू करायचं, असं त्यांनी मला समजावलं. कारखान्याची खूण पुसट असते, म्हणून ऑपरेटर टाचणीनं स्वतःची ओरखडतात. कुणी गोल काढतो, कुणी रेघ. तिथं आता मशीन नव्हतं, थिएटर पाडून दुकानांची इमारत उभी राहिली होती, पण हात उठायचा तो उठायचाच.

दुकानात आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे वास. कोपऱ्यातल्या फडताळाजवळ गेलं की आंबट, नाकात चढणारा वास यायचा. काकूचं लोणचं बिघडलंय अशी माझी खात्री झाली. पुणेरी आडवळणानं मी तिला सुचवलंसुद्धा, की आमच्याकडे बाई मीठ जरा सढळ घालतात. काकू नवऱ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, माझ्या लोणच्याला काय झालंय ते यांनाच विचारा. ऑपरेटरसाबांनी विषय बदलला.

वरच्या मजल्यावर अनसूयाम्मा राहायच्या. तेलुगू, ऐसपैस, प्रेमळ बाई, पण सिनेमा संपला की गॅलरीत उभं राहून खुन्याचं नाव गल्लीला सांगायच्या. ऑपरेटरसाबांनी त्यांना वर्षभर रहस्यपट दिला नाही. शेवटी त्या स्वतःच खाली आल्या. तेव्हा ऑपरेटरसाबांनी कॅसेट टेबलावर ठेवली, त्यांना तिच्यावर हात ठेवायला लावला आणि हे तोंडातून निघणार नाही अशी शपथ घेववली. अनसूयाम्मांनी ती पाळली. वारंगळच्या बहिणीला त्या पत्रानं कळवत, कारण शपथ फक्त तोंडाची होती. तेव्हापासून कॅसेटवर हात ठेवणं हा दुकानाचा रिवाज झाला, आणि माझ्यावरही एकदा ती वेळ आली.

केरूरांचा सगळ्यात गाजलेला सिनेमा ‘गीली छतरी’. तो दुकानात होता, सगळ्यात वरच्या फळीवर, पण ऑपरेटरसाब कुणाला देत नसत. खराब आहे म्हणायचे. मी दोन वर्षं मागितला तेव्हा एका शनिवारी कुठं त्यांनी तो काढला आणि चिठ्ठी लिहायला सांगितली. इतकी लांब चिठ्ठी मी आधी कधी लिहिली नव्हती आणि नंतरही नाही.

“दीड मिनिटाला जरा कमी,” ते डोळे मिटून सांगू लागले. “खुनाची रात्र. बाहेर पाऊस थांबलाय. दारापाशी पाच छत्र्या लटकायल्यात. चार कोरड्या. पाचवीतून पाणी ठिबकायलंय. म्हातारी मोलकरीण येते, गुडघ्यावर बसते, डाव्या हातानं फरशी पुसते. दोनदा पिळते. मग वर बघते. छत्री कुणाची ते तिला कळतं. ती छत्री उचलते, आपल्या पदरानं कोरडी करते, परत लावते. बोलत नाही काही. जाते.”

मी लिहायची थांबले. एवढं सगळं, कुठल्या हातानं आणि किती वेळा, तीस वर्षांनी या माणसाला आठवतं कसं? मी विचारलं. आमचं काम होतं ते, एवढंच म्हणाले.

घरी सिनेमा लावला. तो प्रसंग अर्थातच नव्हता. शेवटी कोर्टात म्हातारी अचानक उभी राहते आणि म्हणते, छतरी गीली थी. माझा नवरा, ज्यानं चिठ्ठी वाचली नव्हती, तो हसला. कुठली छत्री, कधी दाखवली, हा तुमचा केरूर तर चक्क फसवतो, म्हणाला. चिठ्ठी वाचलेली मी मात्र हादरून बसले होते. जो माणूस घरातल्यांइतकाच जवळचा, त्याला वाचवण्यासाठी तिनं एकदा पदर वापरला होता, आणि आता तोच पदर हातात धरून ती खरं सांगत होती. न पाहिलेल्या दीड मिनिटानं माझ्या अंगावर काटा आला. त्या सिनेमात दर रिळाच्या शेवटी उजव्या कोपऱ्यात एक छोटी फुली चमकून जात होती. ती मी पाहिली, आणि तरीही पाहिली नाही. पुरावा डोळ्यासमोर होता, चूक माझी.

मग केबल आली. घरोघरी टीव्हीवर चॅनेलांची रांग लागली, आणि दुकानात येणारी माणसं कमी होत गेली. गल्लीतल्या दुसऱ्या लायब्ररीवाल्यानं बोर्ड बदलून टेलिफोन बूथ टाकला. ऑपरेटरसाब कपाटं पुसत आणि वह्या चाळत बसायचे. मला त्यांच्यासाठी काहीतरी आनंदाचं करावंसं वाटे. अशात एके दिवशी नवऱ्यानं ऑफिसातून बातमी आणली. त्याच्या कंपनीतल्या सुनंदाचे वडील मुंबई सोडून कायमचे तिच्याकडे, सिकंदराबादला, राहायला आलेत, आणि ते एके काळी सिनेमे काढायचे. तिचं माहेरचं आडनाव केरूर.

मी चपला घालून धावतच दुकानात गेले. देव स्वतः गावात आलाय, हे सांगताना मला धाप लागली होती. ऑपरेटरसाबांचा चेहरा उतरला. आजारी माणसाचा उतरतो तसा. त्यांनी ‘गीली छतरी’ची कॅसेट खाली काढली, टेबलावर ठेवली आणि माझा हात तिच्यावर ठेवायला सांगितला. “माझं नाव, माझं दुकान, ही चिठ्ठी, काहीच त्यांना बोलायचं नाही. कसम आहे तुम्हाला.” मला राग आला, वाईटही वाटलं, पण मी हात ठेवला.

केरूरसाहेबांना भेटायला गेले ती एकटीच. साधे, टक्कल पडलेले, स्वच्छ धोतर नेसलेले गृहस्थ. माझ्या भाबड्या कौतुकानं ते संकोचले. मग म्हणाले, एक सीडीवाली कंपनी त्यांचे सिनेमे नव्यानं काढणार आहे, पण ‘गीली छतरी’ला ते नाही म्हणणार आहेत. कारण विचारलं तर सांगितलं की तो सिनेमा खोटा आहे. जावयानं कॅसेट लावली होती, तो शेवटी हसला, आणि त्याचं हसणं बरोबर होतं.

“मला वाटतं, मी म्हातारीचा शॉट घेतला होता,” ते म्हणाले. “छत्रीचा. पण आता खात्री देता येत नाही, बाई. बाकीच्या प्रिंटा फिल्ममधल्या चांदीसाठी वितळवल्या, निगेटिव्ह पाण्यात गेलं, बरोबर काम केलेली माणसं राहिली नाहीत. एकच प्रिंट उरली, तीत तो नाही. कदाचित मी तो नुसता डोक्यातच घेतला असेन. म्हातारपणी असं होतं म्हणतात.”

माझ्या पर्समध्ये त्या चिठ्ठीची नक्कल होती. डावा हात, दोनदा पिळणं, सगळं होतं. शपथेपायी मी ती बाहेर काढली नाही, आणि त्या दुपारइतकी लाज मला क्वचितच वाटली असेल. मी तशीच बसनं नारायणगुड्याला आले आणि ऑपरेटरसाबांना ते बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. ‘नुसता डोक्यातच’ या शब्दांवर त्यांनी मान वर केली. मग ते उठले, कोपऱ्यातल्या फडताळातून एक गोल पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे उघडला. तो आंबट वास भपकन नाकात गेला. आत फिल्मची गुंडाळी होती, कडा वळलेली, तपकिरी पडत चाललेली. खिडकीतून काकूचा आवाज आला, “बघा, ताई. तीस वर्षं माझ्या लोणच्याची बदनामी याच्यापायी.”

त्यांनी सगळं सांगितलं. थिएटरच्या मालकाला शेवटचा खेळ दीड-दोन मिनिटं लवकर सोडायचा होता, कारण लोक बस पकडायला अर्ध्यातून उठत होते. काय कापायचं ते ऑपरेटरवर सोडलं होतं. गाण्याला हात लावला तर लोक खुर्च्या तोडतात, मारामारीला लावला तर पडदा फाडतात.

“मला ती म्हातारी दिसली,” ते म्हणाले. “फरशी पुसायलीय, बोलत नाही. मी म्हटलं हिचं काय काम आहे. तोपर्यंत मी ते पिक्चर पाह्यलंच नव्हतं, ताई. रोज तीन खेळ चालवायलो, आणि पाह्यलेलं नाही. ऑपरेटर मशीनच्या दिव्यातला कार्बन नीट जळतो का ते बघतो, कोपऱ्यातली खूण बघतो. पिक्चर पब्लिक बघते.”

पहिल्या आठवड्यात शेवटी एकही डोकं हलत नव्हतं. तुकडा कापल्यावर, दुसऱ्या आठवड्यात, त्याच जागी लोक हसायला, उठायला लागले. ते त्यांना खिडकीतून दिसत होतं, पण उमगत नव्हतं. म्हणून सुटीच्या दिवशी ते पहिल्यांदा प्रेक्षकांत जाऊन बसले. म्हातारी कोर्टात बोलली आणि शेजारचा माणूस म्हणाला, ये छतरी कहाँ से आयी? “मला मालूम होतं कुठून आली. माझ्या डब्यात होती.” दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. तुकडा परत जोडायला ते पहाटेच थिएटरवर गेले, पण प्रिंट आधीच पुढच्या गावाला निघून गेली होती. वितरकाच्या ऑफिसात विचारलं तर तिथली माणसं हसली. तेव्हापासून ते प्रत्येक सिनेमा सुटीच्या दिवशी प्रेक्षकांत बसून बघू लागले आणि वह्या सुरू झाल्या. पुढं वीस वर्षांनी कॅसेट आली, त्यांनी ती दुकानात लावली, आणि पहिल्या रिळाच्या शेवटी त्यांची स्वतःची फुली चमकली. जगात उरलेली एकच प्रिंट ती त्यांच्याच हाताखालून गेलेली होती.

इतकी वर्षं मी ज्यांना दुसऱ्यांनी केलेली मोडतोड सांधणारा माणूस समजत होते, ते सगळ्यांत आधी स्वतःची चूक लिहीत होते. माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर कमी व्हायला हवा होता. झाला नाही, उलट मला त्यांच्याकडे मान वर करून बघायला अवघड वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं सिकंदराबादला गेलो. ऑपरेटरसाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि डबा मांडीवर धरला होता. बसमध्ये वासामुळे पुढच्या बाईनं दोनदा वळून पाहिलं. सुनंदाच्या घरी ते खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी जे मला सांगितलं ते केरूरसाहेबांना सांगितलं, एकही सबब न जोडता. मालकानं सांगितलं होतं हेसुद्धा या वेळी त्यांनी गाळलं.

केरूरसाहेबांनी डबा उघडला. फिल्मचं टोक धरून ते खिडकीपाशी गेले आणि उजेडात एकेक चौकट वर सरकवत बघत राहिले.

“डावखुरी होती,” ते अखेर म्हणाले. “त्या बाईला मी उजव्या हातानं पूस म्हणालो होतो, तिला जमेना.” मग त्यांनी फिल्म खाली केली. “किती फूट आहे?”

“एकशे पंचवीस, साहेब.”

“एकशे अठ्ठावीस होती.”

“कापताना तुकडा मधेच फाटला, तो जोडताना तीन फूट गेले. माझ्याच हातून.”

केरूरसाहेब हसले आणि त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तीन फुटांचा हिशेब जुळला म्हणजे त्यांची आठवण शाबूत होती, शॉट खरा होता, आणि त्यांनी कुणालाही फसवलं नव्हतं. त्यांनी ऑपरेटरसाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुम्ही हा जपलात म्हणून वाचला, नाहीतर कायमचा गेला असता. एवढ्या मोठ्या माणसानं दिलेली माफी कुणीही मुकाट्यानं खिशात घातली असती.

“नाही, साहेब,” ऑपरेटरसाब म्हणाले. “मी काटलं नसतं तर प्रिंटीतच राहिलं असतं. माझ्यामुळं वाचलं असं नका बोलू.”

केरूरसाहेबांनी मान डोलावली. मग म्हणाले, हेही खरंच. आणि सुनंदाला त्यांनी तिघांसाठी चहा टाकायला सांगितला. त्या दिवशी ऑपरेटरसाब त्यांच्यासमोर खुर्चीवर बसून, टेबलावरचे हात खाली न घेता, चहा प्यायले.

तुकडा जेमतेम वाचला. आखडलेली फिल्म मशीनवर चढवायच्या आधी आणखी महिना-दोन महिने लोटले असते तर तिचा भुगा झाला असता, असं कंपनीच्या माणसानं कळवलं. ‘गीली छतरी’ दोन चकत्यांच्या पेटीत बाहेर आली. पेटी हातात पडली तेव्हा ऑपरेटरसाबांनी मला बोलावलं आणि चिठ्ठी लिहायला सांगितली. मी म्हटलं, आता कशाला, सगळं तर आलंय. त्यांनी मान हलवली. मी लिहिलं: ‘या चकत्यांत काय नाही. तीन फूट, म्हणजे दोन सेकंद. म्हातारी छत्रीकडे बघायला मान उचलते, त्याची सुरुवात. ते माझ्या हातून गेले.’ खाली त्यांनी स्वतः सही केली, भगवानराव उमरीकर. त्या दुकानातल्या कुठल्याही चिठ्ठीवर मी सही पाहिली ती पहिल्यांदा.

आमचं पुण्याला परत जायचं ठरलं होतं. निघण्याआधीच्या रविवारी दुपारी दुकानात तो सिनेमा लावला. अनसूयाम्मा होत्या, माझा नवरा होता, इस्त्रीवाला होता, सुनंदा होती, आणि सगळ्यांत पुढं केरूरसाहेब. सगळ्यांना स्वयंपाक उरकून यायला सांगितलं होतं. ऑपरेटरसाब कुठं दिसेनात, तेव्हा मी समजले.

पाऊस थांबला. पाच छत्र्या दिसल्या. चित्र तिथं फिकट झालं, जरा हललं, पण म्हातारी आली आणि तिनं डाव्या हातानं फरशी पुसली, दोनदा पिळली. मान उचलताना चित्रानं किंचित उडी घेतली, मग पदरानं छत्री कोरडी झाली. तासाभरानं ती कोर्टात उभी राहिली. छतरी गीली थी. अनसूयाम्मांनी हळूच “अय्यो” म्हटलं. माझा नवरा हसला नाही. केरूरसाहेबांचं टक्कल जरासुद्धा हललं नाही.

मला राहवलं नाही. मी मागं वळले. भिंतीतल्या त्या चौकोनात ऑपरेटरसाबांचा चेहरा होता, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पडद्याकडे बघतच नव्हते. ते आमच्या डोक्यांवरून एकामागून एक नजर फिरवत होते. माझ्यापाशी येऊन ती थांबली. ते खिडकीशी वाकले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

“पुढं बघा, ताई. एकच डोकं हलायलंय, ते तुमचं.”